एकटीने सायकलवर लांब निघायचंय. अनोळखी माणसांकडे मागायचं कसं?

पहिलाच_घाट:
नमस्कार. पुढच्या महिन्यात एकटीने सायकलवर निघते आहे. साधारण १४०० किलोमीटर, १८ दिवस. पंक्चर काढता येतं, सामान १५ किलोत बसवलंय, सराव चालू आहे. काळजी वेगळीच आहे.

मागच्या आठवड्यात दोन दिवसांच्या सरावाला गेले होते. भर उन्हात बाटली रिकामी झाली. एका घराच्या अंगणात माणसं बसलेली दिसत होती. वेग कमी केला, एक पाय टेकवलासुद्धा, आणि तरी पुढे निघून गेले. पाणी मिळालं ते १९ किलोमीटरवर. तोवर डोकं ठणकायला लागलं होतं. मागायला जीभच रेटली नाही. ज्यांचं देणं कधी फेडता येणार नाही, त्यांना कशाला तसदी द्यायची, असं मनात येतं. एकट्याने फिरलेले लोक हे कसं करता? आणि कुणावर विश्वास टाकायचा, ते कसं ठरवता?

चढउतार:
पाणी मागायला लाजू नका. उन्हात बाटली रिकामी ठेवून १९ किलोमीटर जाणं धोक्याचं आहे.

माझं एक सांगतो. पहिल्या सफरीत सगळं अंतर पायांनीच कापायचं ठरवलं होतं. चढावर कुणी टेम्पो थांबवून ‘सायकल टाका मागे’ म्हणालं की मी नाही म्हणायचो. त्यात चूक काही नव्हती. पण मी थांबतसुद्धा नव्हतो, नुसता हात हलवून पुढे जायचो. माणूस गाडी बाजूला घेऊन, खाली उतरून विचारतोय आणि आपण पेडल मारत निघून जातोय, याची खंत अजून वाटते. नाही म्हणायचं असेल तर थांबून म्हणा.

मागचं_चाक:
तुझा प्रश्न वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. वयाने खूप मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते.

मी ५१व्या वर्षी पहिल्यांदा एकटी निघाले. तोवर कुणापुढे हात पसरला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. सातव्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला, उतारावर एक खड्डा चुकवला, दुसरा बसला आणि मागून ‘टण्’ आवाज आला. मागच्या चाकाचा उजवीकडचा स्पोक हबपाशी, म्हणजे चाकाच्या मध्यापाशी, जिथे वाकवलेला असतो, तिथेच तुटला होता. बहुतेक वेळा तोच जातो. गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, शिवाय सामानाचा भार मागेच. नवा स्पोक माझ्याजवळ होता, पण तो घालायला चकत्या उतरवाव्या लागतात आणि त्याचा पाना मी वजन वाचवायला घरी ठेवला होता. रिम डावीकडे इतकं आऊट गेलं की ब्रेकच्या रबराला लागून चाक अडायला लागलं.

समोरच्या घरापुढे एक आजोबा बसले होते. मी जवळ जाऊन म्हणाले, ‘जरा बॅटरी धरता का? अंधार पडतोय.’ तेवढंच मागायचा धीर झाला.

ते बॅटरी घेऊन आले. मी सायकल उलटी केली, ब्रेक सैल सोडला, तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळला आणि त्याच्या आजूबाजूचे डावीकडचे दोन स्पोक त्यांच्या खास चावीने थोडे थोडे सैल करायला लागले. पण त्या उजेडात चाक नेमकं कुठे किती आऊट आहे ते कळेना. आजोबा पाच-सात मिनिटं गप्प बघत होते. मग उठले, कुंपणाची एक काटकी मोडून आणली आणि सुतळीने फ्रेमला अशी बांधली की तिचं टोक रिमपासून केसभर लांब राहील. म्हणाले, ‘आता फिरवा. काटकी सांगेल.’

चाक फिरलं आणि काटकी एकाच ठिकाणी खर्र करून घासली. तिथे त्यांनी कोळशाने खूण केली. मी चावी पाव फेरा फिरवायची, ते चाक फिरवून कान द्यायचे आणि ‘अजून’ म्हणायचे. शेवटी आवाज यायचा थांबला. मला वाटलं झालं. त्यांनी काटकी बोटाने हलकेच रिमकडे सरकवली आणि पुन्हा म्हणाले, ‘फिरवा.’ पाऊण तास असं चाललं होतं. सायकल त्यांनी आयुष्यात दुरुस्त केली नव्हती. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची पुली असंच बघून सरळ करायचो, म्हणाले.

रात्री त्यांच्या सुनेने मला एक खोली उघडून दिली. सकाळी पैसे पुढे केले तर आजोबांनी दोन्ही हात मागे घेतले. मी निघाले, तेव्हा ते रस्त्यात उकिडवे बसले. वळणावरून वळून पाहिलं तरी तसेच बसलेले. चाक सरळ जातंय का, ते मागून बघत होते.

तेव्हापासून मी नेमकं आणि लहान मागते. बॅटरी धरता का, बाटली भरून द्याल का, सावलीत दहा मिनिटं टेकू का. समोरच्याला नाही म्हणायचं असेल तर अवघड जात नाही, आणि तेवढ्या देण्याघेण्यात माणूसही कळतो. मुक्कामाचं मात्र उजेड असतानाच विचारते, जिथे बायका-मुलं दिसतात तिथे, आणि दोन-चार जणांसमोर. लोकेशन घरी पाठवते, तेही त्यांच्यासमोर फोन करून. मन कचरलं की कारण शोधत बसत नाही, सरळ निघते.

थॉमस स्टीव्हन्स २२ एप्रिल १८८४ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तोही पुढचं चाक अवाढव्य असलेल्या सायकलवर. ४ ऑगस्टला बॉस्टनला पोचला आणि पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करत डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला. त्याच्याजवळ मोजे, एक जादा शर्ट आणि एक रेनकोट होता. तोच तंबू, तेच अंथरूण. एवढ्या सामानावर जग ओलांडायचं तर किती जणांनी त्याला दार उघडलं असेल, हा विचार मी चढावर हमखास करते.

फेडायचं म्हणशील तर आजोबांचं माझ्याकडून कधीच फिटणार नाही. परत आल्यावर मी वॉर्मशॉवर्समध्ये नाव घातलं. सायकलवर लांब फिरणाऱ्यांना आपल्या घरी उतरवून घेणाऱ्या लोकांचं हे जाळं १९९३ पासून चालू आहे. माझ्याकडे आजवर ११ जण राहून गेले. दारात सायकल लागली की मी आधी तिचं मागचं चाक फिरवून बघते.

रानवाट:
वरच्या ताईंचं पटलं. पण स्टीव्हन्सच्या सामानात एक रिव्हॉल्व्हरही होतं, तेही सांगायला हवं.

मला एकदा संध्याकाळी एक जण फार आग्रह करून घरी चला म्हणाला. जवळच आहे, जवळच आहे म्हणत मुख्य रस्ता सोडून आत आत नेत राहिला, किती आत ते सांगेना. मी सायकल वळवली. तो चांगलाही असेल, मला कधी कळणार नाही. तेव्हापासून मुक्कामाची जागा मीच निवडतो आणि मीच विचारतो. आपणहून कुणी पाणी दिलं, रस्ता दाखवला, तर आनंदाने घेतो.

अजून एक. तुमच्या ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर छोटा अ‍ॅडॅप्टर जवळ ठेवा. लोक हौसेने पंप काढून देतात, पण तो मोटारीच्या, म्हणजे श्रेडर व्हॉल्व्हसाठीचा असतो. तो व्हॉल्व्ह ८ मिलिमीटरचा, आपला ६ चा. पंप बसत नाही आणि त्या माणसाचा चेहरा पडतो. मला ते फार लागलं होतं.

पहिलाच_घाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. चकत्यांचा पाना सामानात टाकला, अ‍ॅडॅप्टर मागवला.

रविवारी मुद्दाम त्याच रस्त्याने गेले. बाटली अर्धी भरलेली होती, तरी त्या घरापाशी उतरले आणि म्हटलं, ‘एवढी भरून द्याल का?’ अंगणातल्या बाईंनी बाटली आधी दोनदा विसळली, मग काठोकाठ भरली. झाकण लावता लावता माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘त्या दिवशी थांबता थांबता गेलात, त्या तुम्हीच ना? आम्ही मागून हाक मारली होती.’