धातूची झडप, वॉरफेरिन आणि केमोथेरपी

प्रश्न (खानापूर) : माझ्या आईच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असून ती रोज वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) घेते. आता आतड्याच्या कर्करोगासाठी तिला कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्या सुचवल्या आहेत. रक्त पातळ करणारी नवी गोळी चालली, तर आयएनआरसाठी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी) बेळगावला घालावे लागणारे खेटे वाचतील का?

उत्तर (निपाणी) : खेटे वाचणार नाहीत, हे आधीच सांगतो. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान ही नवी गोळी वापरून पाहिली गेली होती, परंतु गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती चाचणी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. शिवाय कॅपेसिटाबिनमुळे वॉरफेरिनचा परिणाम वाढतो, तोही कधी काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, आणि गोळ्या बंद केल्यावरही काही काळ. म्हणून तपासणी उलट अधिक वेळा लागेल.

उत्तर (चिकोडी) : केमोथेरपीत प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली गेल्यास वॉरफेरिनच्या मात्रेचा पुनर्विचार करतात, परंतु वॉरफेरिन स्वतःहून थांबवू नका, झडपेवर गुठळी धरू शकते. ताप आला तर (आपल्याकडे आधी मेडिकलमधून गोळी आणण्याचीच सवय) त्याच दिवशी रुग्णालय गाठून झडपेबद्दल सांगा, कारण प्रतिजैविकापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घेतले, तरच झडपेवरील जंतू ओळखणे सोपे जाते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. हृदयाच्या आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलण्याची विनंती उद्याच करतो.