पेटीवरून पियानो, अन् पुढे ऑर्केस्ट्राची कंडक्टर. रस्ता कसा?

वऱ्हाडी_सूर: भाची नववीत, गाव दारव्हा तालुक्यात. भजनी मंडळात पेटी वाजवते. काळी एक सांगा की पांढरी चार, लगेच धरते. पियानोवादक अन् कंडक्टर बारेनबोइमचे व्हिडिओ पाहून आता हट्ट आहे की पियानो वाजवता वाजवता ऑर्केस्ट्राही आपणच चालवायचा. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. पियानो घ्यावा काय?

भाता_सोडा: लाकडी पियानो नका घेऊ भाऊ. आपल्याकडं उन्हाळ्यात लाकूड सुकते, पावसाळ्यात फुगते, अन् दोनशेच्या वर तारा उतरल्या की ट्यूनर कुठून आणता? ८८ वजनदार (दाबायला जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो अन् पेडल घ्या. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो.

खरी अडचण डाव्या हाताची. पेटीत तो भात्यावर असतो, म्हणून बोटं कच्ची राहतात. दुसरं, पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भाताच ठरवतो. पियानोत पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर आवाज. पेटीवाले बोट दाबून ठेवतात, मग पियानोवर सूर एकमेकांत कालवतात. पुढचा सूर लागताक्षणी मागचं बोट उचललं पाहिजे.

रोज २० मिनिटं: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, सा रे ग म प, आधी नुसता डावा हात. मग दोन्ही अंगठे मधल्या सा वर ठेवून उलट दिशांना. दोन्हीकडं बोटांचा क्रम एकच, म्हणून सोपं जाते. मनगट ताठ झालं की थांबायचं. अन् खाली मांडी घालून नाही, कोपर पट्ट्यांच्या उंचीला येईल असं स्टूल.

स्कोअरवाचक: कंडक्टरकीसाठी पोरीचं असं काळी एक, पांढरी चार म्हटलं की लगेच सा बदलणं सोन्यासारखं आहे. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेला कागद. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर सा लिहिला की कानाला कोमल नी येतो. एफ हॉर्नचा सा म्हणजे खालचा मध्यम. व्हायोलाची तर किल्लीच (कोणत्या रेषेवर कोणता सूर हे सांगणारी खूण) वेगळी. हे सगळं एका नजरेत वाचून पियानोवर आणायचं, त्यालाच स्कोअर रीडिंग म्हणतात. पाठांतरावर वाजवणाऱ्यांचं घोडं इथंच अडते. नोटेशन (लिहिलेले सूर वाचणं) आजच सुरू करा.

जुना रस्ता ऑपेरा हाउसमधून जातो: गायकांची तालीम पियानोवर घ्यायची, मग पोडियम, म्हणजे कंडक्टरचा चौथरा. कंडक्टर सोल्ती बुडापेस्टच्या ऑपेरात असंच शिकला, १९४२ मध्ये जिनिव्हाची पियानो स्पर्धा जिंकला अन् १९४६ मध्ये म्युनिक ऑपेराचा प्रमुख झाला. बारेनबोइमची पहिली मैफल १९५० ची, वय ७. कंडक्टिंगचा वर्ग १९५४ मध्ये, साल्झबुर्गला. म्हणजे पियानो आधी.

वाजवत चालवायचं तेव्हा पियानोचं झाकण काढतात, वादकाची पाठ श्रोत्यांकडं. मोत्सार्टच्या कॉन्चेर्तोत (पियानो अन् ऑर्केस्ट्राच्या रचनेत) हे जमते, कारण पियानो थांबतो तिथं हात मोकळे. दोन्ही हात गुंतले की इशारा मानेनं, श्वासानं अन् पहिल्या व्हायोलिनवाल्यामार्फत. मागच्या हॉर्नवाल्याला मान दिसली नाही की तो उशिरा येतो.

वऱ्हाडी_सूर: कंडक्टर झुबिन मेहता तर डबल बास वाजवत होते ना?

स्कोअरवाचक: हाव, व्हिएन्नात. पियानोवादकच पाहिजे असं नाही. पण कंडक्टिंग शिकायच्या प्रवेशाला पियानो बहुतेक ठिकाणी विचारतात.

भाता_सोडा: परीक्षेसाठी शहरात खेटे नकोत. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची परफॉर्मन्स ग्रेड व्हिडिओवर होते: चार रचना, सलग, मधे कट नाही. मात्र सहाव्या ग्रेडच्या आधी पाचवी ग्रेड थिअरी लागते, तीच बरेच जण टाळतात अन् अडकतात.