डोक्यावरचे चुंबकीय उद्दीपन मेंदूच्या खोल भागापर्यंत कसे पोहोचते?

प्रश्न (जुळे सोलापूर)
माझ्या धाकट्या भावाला नैराश्याचा विकार आहे. दोन औषधांनी पुरेसा गुण न आल्यामुळे डॉक्टरांनी चुंबकीय उद्दीपन, म्हणजे आरटीएमएस, सुचवले आहे. त्यासाठी त्याला काही आठवडे पुण्यात बहिणीकडे ठेवावे लागेल. कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, डोक्याच्या डाव्या बाजूला पुढे ठेवतात आणि तिचा थेट परिणाम दोन-तीन सेंटीमीटर खोलीपर्यंतच होतो, असे वाचले. मग विकाराशी संबंधित खोल भागांवर परिणाम कसा होतो?

उत्तर १
आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. कॉइलमधील क्षणिक प्रवाहामुळे बदलणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनाअडथळा आत जाते आणि मेंदूच्या पृष्ठभागाजवळ विद्युतप्रवाह निर्माण करते. तत्त्व फॅरेडे यांचे, 1831 चे. मेंदूसाठी ते 1985 मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी वापरले. पृष्ठभागावरील ज्या चेतापेशी उद्दीपित होतात, त्यांचे तंतू दूरवरच्या भागांशी जोडलेले असतात, त्यामुळे पुढचा प्रवास चुंबकत्वाचा नसून मेंदूच्या स्वतःच्या जोडण्यांचा असतो. नैराश्यात अतिसक्रिय आढळणारा सबजेन्युअल सिंग्युलेट हा खोल भाग असाच दुरून गाठला जातो. डाव्या अग्रखंडातील, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातील, ज्या जागेची सक्रियता या खोल भागाच्या सक्रियतेच्या उलट चालते, तेथे उद्दीपन दिल्यास गुण अधिक येतो, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले. म्हणूनच कॉइल नेमकी कुठे ठेवतात, हे मला यंत्राच्या नावापेक्षा महत्त्वाचे वाटते. वारंवार दिलेल्या स्पंदांनी चेतापेशींमधील दुव्यांची ताकद बदलते, असे मानले जाते; मात्र जोडण्यांतील बदलाची दिशा सर्व अभ्यासांत एकसारखी आढळलेली नाही.

उत्तर २
माझ्या पत्नीने हा उपचार घेतला आहे. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. भूल दिली जात नाही. टकटक आवाज मोठा असल्याने कानात बोळे घालतात. पहिले काही दिवस टाळू दुखत असे. डोक्यात धातूचा तुकडा किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेले उपकरण) असल्यास, तसेच पूर्वी कधी फिट आली असल्यास, डॉक्टरांना आधीच सांगा.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा आभारी आहे. भावाला लहानपणी तापात एकदा झटका आला होता आणि ही गोष्ट आम्ही आजवर कोणत्याही डॉक्टरांना सांगितलेली नाही. पुण्याला निघण्यापूर्वी ती सांगून, कॉइलची जागा कशी ठरवणार हेही विचारतो.