मदत हवी आहे: जुन्या भयपटांत आदिवासी पात्रं

मंडळी, नंदुरबारला कॉलेजच्या पोरांसाठी जुने भयपट निवडतोय. १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पक्का. ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नायक खिडक्यांना फळ्या ठोकत रात्र काढतो आणि सकाळी मदतीला आलेलेच त्याला झोंबी समजून गोळी घालतात. १९७२चा 'ब्लॅक्युला'ही घेतोय; कृष्णवर्णीय व्हँपायर झालेल्या विल्यम मार्शलचा तो आवाज!

अडलंय हिंदीत. आमची बरीच पोरं भिल्ल, पावरा. नि जुन्या हिंदी भयपटांत आदिवासी म्हणजे मशाली, ढोल, फार तर मांत्रिक. आदिवासी पात्राला धड काम दिलेला १९९०च्या आधीचा एखादा भयपट सुचवाल का? मराठीही चालेल. 'रामसे बंधूंचे भयपट बघा' एवढंच सांगू नका, ते भुसावळच्या टॉकीजमध्ये कधीच पाहून झालेत.