सशीचं ऑपरेशन: आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?

प्रश्न (डिचोली):
आमच्या चिंगीचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन शुक्रवारी म्हापशाला आहे. शेजारच्या काकी म्हणतात, मांजरीसारखं रात्रीपासून उपाशी ठेव. खरं का?

उत्तर (फोंडा):
अजिबात नको गं! सशाला उलटी होतच नाही, मग उपाशी ठेवून काय साधणार? उलट आतडं थंडावलं तर जिवावर बेततं. निघेपर्यंत सुकं गवत समोर असू दे. डब्यात कोथिंबीर ने, शुद्धीवर आली की नाकाशी धर. आमच्या सोनीने दवाखान्यातच एक काडी ओढली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दुखण्यावरचं औषध घरी किती दिवस द्यायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घे. मग लेंड्यांवर लक्ष. 12 तासांत खाल्लं नाही, लेंडी नाही, पाठ वाकवून दात खात बसली, तर सकाळची वाट बघू नकोस. आणि आपल्याकडचा उकाडा! फरशीवर स्वच्छ सुती चादर घाल. भुसा नको, टाक्यांना चिकटतो.

उत्तर (पेडणे):
घरात नर आहे का? त्याचंही करणार असाल तर नंतर 4 ते 6 आठवडे इतर माद्यांपासून लांब ठेवा, तोवर पिल्लं होऊ शकतात. चिंगीचे टाके भरेपर्यंत तिच्या अंगावरही चढू देऊ नका.

प्रश्नकर्ती:
नर आहे! आजच माळ्यावरचा दुसरा पिंजरा काढते.