'ज्यूलियस सीझर'चा पहिला प्रवेश : शहाणे कोण, ट्रिब्यून की मोची?

ओसरीवरून
पडदा उघडताच फ्लेव्हियस आणि मरुल्लस हे दोन ट्रिब्यून (रोममधले लोकांचे अधिकारी) कारागिरांना झापतात. कामाच्या दिवशी हत्यारं टाकून कुठे निघालात? काल पॉम्पीला, सीझरच्या प्रतिस्पर्ध्याला, बघायला धुराड्यांवर चढलात, आज त्याच्याच पोरांना हरवून आलेल्या सीझरवर फुलं उधळताय? माझ्या मते शेक्सपिअर सरळ सांगतोय : जमावाला निष्ठा नसते. तिसऱ्या अंकात सीझरचा मित्र अँटनी याच्या भाषणाने हेच लोक सीझरच्या मारेकऱ्यांवर उलटतात, त्याची ही पेरणी.

नाट्यवेडी
साफ अमान्य. ट्रिब्यून हे पद निघालंच सामान्यांच्या रक्षणासाठी, आणि हे दोघे त्याच लोकांना 'दगडधोंडे' म्हणतात! उलट मोची बघा. 'बिघडलेले सोल दुरुस्त करतो' म्हणतो. इंग्रजीत सोल म्हणजे बुटाचा तळ आणि आत्माही (ही कोटी मराठीत आणताना भलेभले थकतील). लोकांना का फिरवतोस विचारलं तर म्हणे, जोडे झिजले की मलाच काम मिळेल. जिंकलं कोण?

ओसरीवरून
आणि शेवटी मान खाली घालून गुपचूप जातो, ते?

नाट्यवेडी
अपराधी वाटून गेले, हे फ्लेव्हियसचं म्हणणं. कारागिरांच्या तोंडी त्यावर एक ओळही नाही.

जुनी पानं
प्लुटार्क, सीझरचा प्राचीन ग्रीक चरित्रकार, वाचलाय का? शेक्सपिअरसमोर त्याचं नॉर्थने केलेलं १५७९चं इंग्रजी भाषांतर होतं. त्यात ट्रिब्यून सीझरच्या पुतळ्यांवरचे राजमुकुट उतरवतात, तेव्हा लोक टाळ्या वाजवत त्यांच्यामागे जातात! शिवाय सीझरची विजयमिरवणूक इ.स.पू. ४५च्या ऑक्टोबरातली, लुपरकॅलिया हा रोमन सण पुढच्या फेब्रुवारीतला. नाटकात दोन्ही एकाच दिवशी.

ओसरीवरून
मग माझंच खरं ना! टाळ्या वाजवणाऱ्यांना शेक्सपिअरने मुद्दाम सीझरच्या बाजूला नेऊन बसवलं.

नाट्यवेडी
पण कुणासमोर? स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या थॉमस प्लॅटर या प्रवाशाने १५९९च्या सप्टेंबरात लंडनला सीझरवरचं नाटक पाहिलं, ते दुपारी दोनच्या सुमारास. एक पेनी देऊन पिटात (रंगमंचासमोरच्या मोकळ्या जागेत) उभे राहणाऱ्यांत कारागीर आणि शिकाऊ पोरं असायचीच. 'कामाच्या दिवशी इथे काय करताय?' हे वाक्य थेट त्यांच्या तोंडावर. ते मोच्याबरोबर हसले असणार, ट्रिब्यूनबरोबर नाही.

जुनी पानं
त्यात प्रोटेस्टंट सुधारणेने संतांचे सण कमी केलेले, चर्चमधल्या मूर्ती फोडलेल्या. याच प्रवेशातला 'पुतळ्यांवरची सजावट उतरवा' हा ट्रिब्यूनचा हुकूम त्या लोकांना फक्त रोमचा वाटला असेल?

ओसरीवरून
मूर्तींचा मुद्दा मान्य. मोच्याचा नाही.