सिझेरियननंतरच्या वेदनाशमनाची कार्यपद्धती पुराव्यावर कशी बेतावी?

प्रश्न (भूलतज्ज्ञ, पन्नास खाटांचे रुग्णालय)
आमच्याकडे सिझेरियननंतर वेदनाशमनाची औषधे ज्याच्या त्याच्या सवयीनुसार लिहिली जातात. कोणी डायक्लोफेनॅक 'एसओएस' (गरज पडल्यासच द्यावे असे) लिहितो, कोणी ट्रॅमाडॉल, तर कोणी नुसते पॅरासिटामॉल. सर्वांसाठी एकच लेखी कार्यपद्धती तयार करण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. अमेरिकन पेन सोसायटीची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे वाचली, परंतु त्यांतील 32 शिफारशींपैकी चारच उच्च दर्जाच्या पुराव्यावर उभ्या आहेत, हे पाहून गोंधळ वाढला. पुरावा इतका तोकडा असताना ठाम सूचना लिहावी ती कशाच्या बळावर?

उत्तर (भूलशास्त्राचे निवृत्त अध्यापक)
सगळ्या शस्त्रक्रियांची वेदना एकाच मापाने मोजायला गेले की शिफारशी अशा पातळ होतात. युरोपातील 'प्रॉस्पेक्ट' हा गट म्हणूनच शस्त्रक्रियेगणिक वेगळ्या शिफारशी करतो. सिझेरियनच्या सुधारित शिफारशी 2021 मध्ये आल्या. एखादा नवा ब्लॉक (ठरावीक भागाच्या नसा बधिर करणारे इंजेक्शन) गुणकारी ठरला असे अभ्यास सांगत असेल, तर त्यातील दोन्ही गटांना पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकसारखे दाहशामक औषध नियमित मिळत होते का, हे तो गट आधी तपासतो. मिळत नसेल तर त्या गुणाला फारसा अर्थ नाही. भुकेला कोंडाही गोड लागतो.

त्यांच्या शिफारशींचा गाभा असा: मणक्यातून भूल देतानाच 50 ते 100 मायक्रोग्रॅम मॉर्फिन, बाळ बाहेर आल्यावर शिरेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मात्रा, पुढे पॅरासिटामॉल व दाहशामक औषध ठरल्या वेळी, आणि एवढ्याने भागले नाही तरच अफूवर्गीय औषध. मणक्यातून मॉर्फिन दिले नसेल तर जखमेत बधिर करणारे औषध भरावे किंवा पोटाच्या भिंतीचा ब्लॉक द्यावा. मणक्यातून देण्यासाठी लागणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मॉर्फिन लहान रुग्णालयात सहसा हाताशी नसते, तेव्हा ही दुसरी वाटही तुमच्या कागदावर तितक्याच ठळकपणे असू द्या. ट्रॅमाडॉलचा मात्र फेरविचार करा. स्तनपान करणाऱ्या मातांना ते देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला आहे.

उत्तर (औषधशास्त्राच्या अध्यापिका)
सरांच्या निकषाला एक जोड देते. एखादी शिफारस एकाच संशोधकाच्या कामावर तर टेकलेली नाही ना, हे पाहावे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर विपुल लिहिणारे अमेरिकन भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांनी आकडेवारी बनावट रचल्याचे 2009 मध्ये उघड झाले आणि त्यांचे 21 निबंध संशयास्पद ठरले. तोवर त्यांच्या आधारे बरेच काही लिहून झाले होते.

उत्तर (प्रसूती वॉर्डातील परिचारिका)
डॉक्टर, वेदना केव्हा मोजायची तेही कागदावर लिहा. पडून असलेल्या बाळंतिणीला विचारले तर ती "काही नाही सिस्टर, बरी आहे" असेच म्हणते. तीच बाळाला पाजायला कुशीवर वळताना टाक्यांवर हात दाबून श्वास रोखते. मी हल्ली तिला खोकायला सांगते आणि मगच शून्य ते दहामधला आकडा विचारते. शिवाय 'एसओएस' लिहिलेले औषध मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि सासू उशाशी बसलेली असताना मागणाऱ्या थोड्याच.

प्रश्नकर्ता
सिस्टर, सर, मॅडम, आभारी आहे. प्रत्येक सूचनेसमोर पुराव्याचा दर्जा लिहिण्याचे ठरवले आहे. जिथे तो कमी आहे तिथे 'वॉर्डातील अनुभवावरून' असे स्पष्ट नमूद करीन. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा जास्त रक्तस्राव असल्यास दाहशामक औषध वगळण्याची चौकट सर्वांत वर राहील. एक शंका उरते: रात्री दोनची मात्रा देण्यासाठी झोपलेल्या बाळंतिणीला उठवावे काय?

परिचारिका
ते काम बाळच करते. दूध पाजायला ती उठली की त्याच वेळी गोळी द्यावी. दोन मात्रांमधले अंतर ठरल्यापेक्षा कमी होणार नाही, एवढे मात्र केसपेपरवर पाहून घ्यावे.